रुमाजीचं आडनाव

११ डिसेंबर १९५५, रविवार

भोरहून संध्याकाळी परत पोचलो. नसरापुरापर्यंत एस.टी., पुढं पालीपर्यंत एका भल्या माणसाची बैलगाडी आणि तिथून जांभुळटेपापर्यंत, म्हणजे माझ्या शाळेच्या गावापर्यंत, माझे दोन पाय. पिशवीत आईनं दिलेले लाडू, वडिलांनी शिवलेला नवा सदरा आणि ठोकळा. ठोकळा म्हणजे ती कादंबरी. आठशे पानांची आहे, उशाला घेतली तर मान अवघडेल.

भोरच्या वाचनालयात हिच्यावरून नुसती जुंपली आहे. पेन्शनर मामलेदार म्हणतात, लेखकानं इतिहासाचं वाटोळं केलं, कुणाच्याही तोंडी काहीही घातलं, असलं पुस्तक कपाटात ठेवू नये. दवाखान्यातले कंपाउंडर म्हणतात, साहेब, तुम्हाला रडू आलं नाही म्हणून पुस्तक खोटं का? दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलंय. ग्रंथपाल वैतागून मला म्हणाले, "बगाडे मास्तर, तुम्ही हिला तिकडं डोंगरात घेऊन जा. मे महिन्यात आणा. तोवर इथं जरा शांतता नांदेल." मी लगेच पिशवी पुढं केली.

१४ डिसेंबर

गेनबा पाटील आज जेवताना म्हणाले, "गुर्जी, माडीवर येकटंच काय वाचत बसता? मधीच हसता काय, उसासं टाकता काय! आमाला बी ऐकवा की."

गेनबा आवाळे पाटील मोकळा गडी. शाळा त्यांच्या पडवीत, मी त्यांच्या माडीवर, माझं पोट त्यांच्या चुलीवर. त्यांना नाही म्हणायचं माझ्या मनातसुद्धा येत नाही. आणि खरं लिहायचं तर वाचून दाखवायची मला हौसच फार. भोरला रामनवमीच्या नाटकात माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो असं लोक म्हणतात. निदान आई तरी म्हणते.

दिवेलागणीनंतर वाघजाईच्या देवळात निम्मं गाव जमलं. भात झोडून झालंय, मंडळी मोकळी आहेत. सोनबा गुरवानं विचारलं, "गुर्जी, ही पोथी कंची?"

"पोथी नव्हे. कादंबरी."

"कादंबरी म्हंजी काय वो?"

"म्हणजे त्यात इतिहास असतो, पण—"

"पन काय?"

आता आली का पंचाईत! सगळे तोंडं वासून माझ्याकडं बघत होते. लेखकानं मनाची भर घातलेली असते असं सांगितलं असतं तर निम्मे लोक घोंगड्या झटकून उठले असते आणि माझा आवाज देवळातल्या घंटेला ऐकवावा लागला असता. मी म्हटलं, "बखरच म्हणा ना."

"आस्सं! बखर! मंग सरळ सांगा की." सोनबानं आतून पाट आणला, ठोकळा त्यावर ठेवला, हळद-कुंकू वाहिलं आणि नारळ फोडला. समाप्ती चैत्रात, जत्रेच्या आदल्या दिवशी करायची हेही तिथल्या तिथं ठरलं. मला हसू आवरेना. वाचनालयाच्या पुस्तकाला हळद लागली म्हणून जरा धास्तावलोही. पण छाती फुगली होती हे नाकारत नाही.

२८ डिसेंबर

रंग भरलाय. पुस्तकातल्या गडाचं नाव भलतंच आहे, पण मंडळींनी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं की तो आपलाच, हा डोक्यावर दिसतोय तो. पुस्तकात नदी आली की सोनबा म्हणतो, ही आपली गुंजवणी. मी कशाला नाही म्हणू?

आता वरच्या पठारावरून धनगरवाड्याची माणसंही येऊ लागली आहेत. सावळा आणि त्याची आई बयाबाई तर रोज. म्हशींच्या धारा काढायच्या, तो डोंगर उतरायचा, ऐकायचं आणि पेटती चूड घेऊन परत चढायचं. बयाबाईनं आज माझ्यापुढं पळसाच्या पानात लोण्याचा गोळा ठेवला. "वाचून वाचून गळा सुकतुया तुमचा," म्हणाली.

वाघजाईच्या जत्रेला देवीच्या आंघोळीचं दूध ह्या लोकांच्या कासंडीतलं असतं. पहाटे पठारावरून निघालेली कासंडी देवीपुढं येईपर्यंत जमिनीला टेकवायची नाही, वाटेत खांदा बदलायचा पण खाली ठेवायची नाही. ते दूध आल्याशिवाय पालखी हलत नाही. बयाबाई हे सांगताना एवढी ताठ बसली होती की मला आमच्या मामलेदारांची आठवण झाली.

उठताना तिनं विचारलं, "गुर्जी, ह्या पोथीत आमची मान्सं हायती का?"

"असतील की. पुढं येतील."

"बेस," म्हणाली आणि गेली.

मी पुढचं वाचून ठेवत नाही. मंडळींबरोबरच मलाही कळावं, त्यात मजा आहे. एक मात्र विचित्र. आज माझ्या खुणेच्या पुढच्या पानांवरही हळदीचे डाग दिसले. सोनबा हळद जरा जास्तच उधळतो, त्याला सांगायला हवं.

९ जानेवारी १९५६

आज काय झालं ते आत्ताच लिहितो, नाहीतर उद्या मीच मला वेगळं सांगेन.

गडाला वेढा पडलेला. आतली शिबंदी उपाशी. शत्रूच्या सरदाराला वर जायची वाट सापडत नाही. तेवढ्यात अंधारातून आपल्याच मुलखातला एक माणूस पुढं येतो. मी आवाज खाली आणला. "'वाट मी दाखवतो,' तो म्हणाला. 'नाव काय तुझे?' सरदाराने विचारले." तिथं पान संपलं. आता नाटकवाला गप्प बसतो होय? मी मुद्दाम थांबलो, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हटलं, "कोण असेल हा?"

पाटील मांडी थोपटून ओरडले, "त्येच्या खानदानाला आग लागो! नाव सांगा गुर्जी, नाव!"

मी पान उलटलं. तिथं छापलेलं होतं: "'रुमाजी आवाळे,' तो हलकेच म्हणाला."

रुमाजी एवढं बोलून गेलो होतो. आडनाव डोळ्यांना दिसलं आणि तिथंच थांबलो. समोर गेनबा आवाळे, त्यांचे दोन भाऊ, चुलते, निम्मं देऊळ आवाळ्यांचं. पाटलांचे डोळे माझ्यावर रोखलेले. सगळा मिळून एखादा श्वास गेला असेल. मी म्हणालो, "रुमा. रुमा धनगर."

देवळात हलकल्लोळ. पाटील थुंकले. मी पुढं वाचत राहिलो, आवाज जरासुद्धा कापला नाही. ही माझी तयारी!

धनगर का म्हणालो? लोहार म्हणता आलं असतं, पण लोहार समोर बसला होता. सुतारही बसला होता. सावळाची म्हैस आज व्यायला झालीय, म्हणून वाड्यावरचं कुणी खाली आलं नव्हतं. जे समोर नव्हते त्यांचंच नाव तोंडात आलं. 

उद्या सांगून टाकीन. चुकून वाचलं म्हणेन.

१२ जानेवारी

नाही सांगितलं.

काल वाचन सुरू व्हायच्या आधीच सोनबा म्हणाला, "म्या घरी जाऊन ईचार केला. वरच्या पठारावनं गडाकडं जानारी वाट, तिला आपुन काय म्हनतो? धनगरवाट! आता कळलं का तिला धनगरवाट का म्हनत्यात ते?" सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. एका म्हाताऱ्यानं तर शपथेवर सांगितलं की त्याच्या आज्ज्यानं रुमा धनगराचं नाव घेतलेलं त्यानं लहानपणी ऐकलंय. अहो, मी तो परवा निर्माण केला!

त्या वाटेनं रोज दूध खाली येतं म्हणून ती धनगरवाट. हे ह्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, ठाऊक होतं.

सावळा आणि बयाबाई काल आले. त्यांना बसायला कुणी सरकून जागा दिली नाही. त्यांना काय झालंय ते कळेना, ती दोघं दाराशी उभी राहिली. आणि पुस्तकात रुमाजी पुन्हा आला. मी काय करणार? पहिल्यांदा धनगर म्हटल्यावर दुसऱ्यांदा काय म्हणायचं? म्हणालो. सावळानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. बयाबाईनं पदर तोंडाला लावला.

२२ जानेवारी

हा रुमाजी मेला मरत नाही! दीडशे पानं जगलाय. प्रत्येक पानावर मी त्याला उसवतो आणि धनगर शिवतो. शिंप्याचा मुलगा म्हणून वडिलांनी मला हेच शिकवलं का?

मुंबईकडं संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळीबार झाला, माणसं मेली, असं चार दिवसांच्या शिळ्या वर्तमानपत्रात वाचलं. तिथं लोक छातीवर गोळ्या झेलतात आणि मी एका आडनावाला भितो. धनगरवाड्याचं आता कुणी येत नाही. लोणीही नाही. आज मला लोण्याची आठवण आली म्हणून स्वतःचीच किळस आली.

५ फेब्रुवारी

आज रविवार. पडवीत पाट्या आवरत होतो. बयाबाई एकटी आली. ठोकळा खुर्चीवर होता, त्याला आधी हात जोडले. मग म्हणाली, "गुर्जी, मला ते दावा."

"काय आजी?"

"आमचं नाव. पोथीत खरंच लिवल्यालं हाय का ते मला बगायचंय. सावळा म्हनतो, गावानं उठवलं आसंल. म्या म्हनलं, गाव उठवंल, पर गुर्जी कशापायी खोटं वाचत्याल? बोट ठिवा तिथं."

पुस्तक उघडताना माझ्या मनात शंभर वाटा होत्या. तिला वाचता येत नव्हतं, मी कुठंही बोट ठेवलं असतं तरी चाललं असतं. माझं बोट नेमकं तिथंच गेलं. "रुमाजी आवाळे." त्यावर बोट ठेवून मी म्हणालो, "इथं."

ती वाकली. अगदी जवळून बघितलं. तिच्या बोटानं ती अक्षरं चाचपली. "येवढंसंच हाय व्हय," म्हणाली. मग म्हणाली, "पोथीत हाय म्हंजी हाय. आमच्यातल्याच कुनाची मती फिरली आसंल. आमी कुठं बगाया गेलतो?" आणि तिनं त्या पानावर डोकं टेकलं.

मी तिला पाणीही विचारलं नाही. ती गेल्यावर पडवीचं दार लावून घेतलं आणि रडलो. रडायला मला येतं, नाटकात कामाला येतं.

११ मार्च

जत्रेची बैठक झाली. मला लिहायला बसवलं होतं. वर्गणी झाली, बगाडाचं झालं, मग सोनबानं विषय काढला: ज्यांच्या पूर्वजानं गड दिला त्यांच्या हातचं दूध देवीला चालायचं का? जरा कुजबूज झाली. पाटील म्हणाले, "आपल्या मनाचं काय न्हाई. बखरीत हाय. यंदा आमच्या घरच्या गाईचं दूध घ्यावं."

सावळाला बोलावून सांगितलं. तो पागोटं हातात घेऊन उभा. "पाटील, आमचा बाप, आज्जा, पंज्या, समद्यांनी कासंडी आनली. त्यो रुमा कोन, आमाला ठावं बी न्हाई. मान काढू नगा. आयेला सोसायचं न्हाई."

"आरं, आमी काढतो व्हय? बखर काढती."

सावळा माझ्याकडं वळला. तो माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, तरी मी त्याला अरेतुरे करतो. "गुर्जी, दुसरं काय लिवल्यालं न्हाई का हो आमचं? येकादं चांगलं? शोधून बगा की."

मी म्हणालो, "बघतो." आणि पाटलांनी सांगितलं ते कागदावर उतरवलं: देवीच्या आंघोळीचं दूध यंदापासून आवाळे पाटील यांच्याकडील. अक्षर माझं चांगलं आहे.

१८ मार्च

आज धीर करून पाटलांना म्हणालो, "पाटील, वाचनात माझी एक चूक—"

ते जेवत होते. मान वर न करता म्हणाले, "चूक कुनाची व्हत न्हाई? पर गुर्जी, पोथीतलं येकदा वाचलं ते वाचलं. मागनं फिरवू ने. देवीचा कोप व्हतो." आणि ताक मागितलं. बिचारे साधे माणूस, त्यांना वाटलं मी एखादी ओळ गाळली असेन. मला पुढं बोलवेना.

ताक वाढायला त्यांची सून रतनबाई आल्या. ह्या सारोळ्याच्या, सडकेकाठच्या गावातल्या, माहेरी शाळा शिकलेल्या. माझ्याशी कधी बोलत नाहीत. आज पाटील हात धुवायला उठले तेव्हा हळू आवाजात म्हणाल्या, "गुर्जी, हळद कुठल्या पानावर लागलीया, बघितलं का?"

मी म्हटलं, "सोनबाला कितीदा सांगितलं, जरा जपून उधळ."

त्या ताकाचं भांडं घेऊन आत गेल्या. मी माडीवर येऊन ठोकळा उघडला. रुमाजी जिथं नाव सांगतो, नेमक्या त्या ओळीखाली हळदीचं बोट ओढलेलं आहे. एका सरळ रेघेत. सोनबाची हळद काय अशी रेघेत पडते?

मी पुस्तक मिटलं. आज त्याचा विचार करायचा नाही.

२ एप्रिल

शाळेत दोन पोरांची मारामारी. एकानं दुसऱ्याला "रुमा" म्हटलं होतं. शिवी म्हणून! दोघांना उभं केलं, छडी उचलली आणि खाली ठेवली. छडी कुणाला मारायची होती ते मला नीट ठाऊक होतं.

२४ एप्रिल

समाप्ती झाली. आज अक्षर बिघडलं तर बिघडू दे.

सकाळीच ठरवलं होतं.  सगळं गाव नवे कपडे घालून जमलं होतं. जत्रेच्या आदल्या दिवशी यायची रीत म्हणून सावळा आणि वाड्यावरचे चार बापये आले होते, बाहेर पायरीवर बसले. बयाबाई नव्हती. शेवटचं पान वाचलं. सोनबा आरतीचं तबक घेऊन उठला. मी म्हटलं, "थांबा. एक पान मी चुकीचं वाचलंय, ते पुन्हा वाचतो."

वाचलं. "'नाव काय तुझे?' सरदाराने विचारले. 'रुमाजी आवाळे,' तो हलकेच म्हणाला."

 मी म्हणालो, "धनगर कुठंही नाही. मी भिऊन बदललं."

मला वाटलं होतं आता आभाळ कोसळेल. सोनबा हसला की! "गुर्जी, वाड्यावरचं लोनी बरंच गेल्यालं दिसतंय पोटात!" झालं, सगळे हसू लागले. "आता फिरवाया लागलं." "दया आली जनू." "आवो, धनगरवाट हाय की तिथं, डोळ्यांनी दिसती!" मी पुस्तक वर धरून ओरडलो, "अरे, बघा ना! हे बघा! ज्याला वाचता येतं त्यानं या!" कोण येणार? मोठ्या माणसांत कुणाला सहीपलीकडं येत नाही. पोरांना मीच शिकवतो, आणि ती अजून मुळाक्षरंच गिरवतायत. तीन महिने मी खोटं वाचलं ते ह्यांनी मुकाट्यानं घेतलं, आणि खरं वाचलं तेव्हा पटेना.

मग बायकांच्या बाजूनं बांगड्या वाजल्या. रतनबाई उठल्या. पाटील म्हणाले, "सूनबाई, खाली बसा." त्या पुढं आल्या. पदर कपाळापर्यंत ओढलेला, नजर जमिनीकडं. माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, पान शोधावं लागलं नाही, बोट थेट हळदीवर. "रुमाजी आवाळे," त्यांनी वाचलं. पुढं पान उलटलं. "रुमाजी आवाळे." आणखी एक. "रुमाजी आवाळे. मामंजी, समदीकडं आवाळेच हाय. म्या संक्रांतीच्या आदीच वाचलंय."

पुस्तक माझ्या हातात ठेवून त्या जागेवर जाऊन बसल्या. जे मी जानेवारीत करायचं ते त्यांनी सासऱ्यापुढं उभं राहून केलं, आणि मी बाजूला खांबासारखा उभा.

पाटलांनी पागोटं सारखं केलं. मग खाकरले. "गुर्जी, ही बखर हाय का?"

"नाही. कादंबरी आहे."

"म्हंजी कुनीतरी घरात बसून मनानं रचल्याली."

"हो. बरीचशी."

"मंग आस्सं आधी बोला की!" ते मोठ्यानं हसले. "कुनी बी कुनाचं बी नाव टाकावं. त्ये काय खरं आसतंय? आवाळ्यांनी गड राखला, समद्या मुलखाला ठावं हाय. चला, आरती घ्या." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. तोच सोनबा, तोच शपथेवाला म्हातारा. कुणाला हायसं वाटलं, कुणाला भूक लागली होती.

पायरीवरून सावळाचा आवाज आला. "धनगर व्हता तवर बखर व्हती. आवाळे निगाला, आन कादंबरी झाली व्हय?"

आरती सुरू झाली होती, त्यामुळं उत्तर द्यायची कुणावर पाळी आली नाही. जाताना पाटील त्याला म्हणाले, "उद्या आना रं तुमचंच दूध. उगा मनात धरू नगा." माझ्याशी ते बोलले नाहीत. ताट मात्र रोजच्यासारखं वाढलेलं होतं. पाटलीणबाईंनी वाढलं होतं.

२५ एप्रिल, जत्रा

उजाडायच्या आत अंगणात बैलगाडी जुंपलेली दिसली. रतनबाई सारोळ्याला चालल्या होत्या, बरोबर पेटी, वळकटी. पाटलीणबाई म्हणाल्या, "तिच्या आईला बरं न्हाई." असेल. जत्रेच्या दिवशीच निरोप यावा लागला. रतनबाईंनी माडीकडं एकदा बघितलं. मी खिडकीतून मागं सरलो.

दूध आलं. सावळाच्या खांद्यावर कासंडी, मागं बयाबाई. वाजंत्री लागली, लोक बाजूला झाले, पाटलांनी स्वतः पुढं होऊन वाट केली. काही झालंच नव्हतं जणू. देवीची आंघोळ झाली, पालखी हलली. मी चिंचेखाली उभा होतो. बयाबाई रिकामी कासंडी घेऊन सरळ माझ्याकडं आली.

"गुर्जी, त्या दिशी म्या ज्येच्यावर डोकं टेकलं ती अक्षरं आमची न्हवती म्हनं."

"नाही आजी."

"पाटलाची व्हती."

"हो."

 मी वाट बघत होतो. शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तर मी तिचे पाय धरले असते. तेही मी मनात करून बघितलं होतं, कुठं वाकायचं, काय बोलायचं.

ती म्हणाली, "मंग आमची कंच्या पानावर हायती? तुमी म्हनला व्हता, फुडं येत्याल. काल पोथी संपली. दावा की आता."

"आजी, नाहीत."

"कुठंच न्हाईत?"

"नाहीत. सगळ्या पुस्तकात कुठंच नाहीत."

"येवढ्या मोट्या पोथीत?" तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. तिनं मान वळवून गडाकडं बघितलं. "मंग येवढ्या मान्सांना वर दूध कोन घालत व्हतं?"

 तिनं कासंडी काखेत मारली आणि पालखीमागं निघून गेली.

जत्रेतून उठून माडीवर आलोय. ठोकळा पुन्हा पहिल्यापासून चाळला, दुपार त्यात गेली. म्हटलं, एखादा तरी निघेल, ताकवाला, गुराखी, कुणीही. तिला हाक मारून दाखवीन. सरदार आहेत, किल्लेदार आहेत, भाट आहेत, घोड्यांचीसुद्धा नावं आहेत. धनगर नाही. आठशे पानं वाचली मी ह्या गावापुढं, आणि धनगर त्यांत आला तो एवढाच, माझ्या तोंडून.